अर्धा धवळा

शहापुरात आटगावच्या रस्त्याला प्रज्वलचं घर आहे. त्या घराच्या ओसरीवर, चपलांच्या कपाटावर, एक काळी पेटी ठेवलेली असते. मागून तिच्यात डिशची वायर शिरते आणि बाजूने नेटची वायर निघते. नाव मोठं, नेटवर्क टीव्ही रेकॉर्डर, काम साधं. सांगितलेल्या वेळी सांगितलेलं चॅनल टिपून ठेवायचं. मग घरच्यांपैकी ज्याला बघायचं असेल त्याने कुठूनही आपल्या कॉम्प्युटरवर नाहीतर फोनवर ब्राउझर उघडायचा, पेटीचा नंबर टाकायचा, की सगळी यादी समोर. टीव्हीपुढे ठरल्या वेळी जाऊन बसायची सक्ती नाही. निदान कल्याणच्या एका बंद पडलेल्या लॉजमधून प्रज्वलने ती उचलून आणली, तेव्हा घरात असंच सांगितलं होतं.

प्रत्यक्षात पेटी भलतीच नखरेल निघाली. लॉजच्या काळात जो ब्राउझर होता, त्याच्यापुरतंच तिचं पान बनवलेलं होतं, आणि बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. त्यामुळे पेटी माणूस बघून वागावं तशी कॉम्प्युटर बघून वागायची. नव्या लॅपटॉपवर यादी दिसे, चित्र दिसत नसे. फोनवर चित्र दिसे, आवाज येत नसे. दोन्ही एकत्र मिळायचं ते फक्त आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याला घरातले सगळे डबा म्हणत, आणि त्या डब्यावर सासूबाईंचं राज्य होतं.

सासूबाई म्हणजे प्रज्वलची आई, बाईजा. सहीपुरती अक्षरं येतात, पण डबा चालू करून कुठल्या निळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंतच्या त्यांच्या पाच मालिका पेटी रोज टिपून ठेवते. त्या वेळी बाईजा भाकऱ्यांना बसलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून त्या डब्यासमोर बसतात आणि कोणी कोणाला विष घातलं ते शांतपणे बघतात. पेटीतली जागा तेवढ्यानेच भरते. भरली की पेटी कोणाला न विचारता सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकते. आठवड्याच्या वर तिच्यात काही टिकत नाही.

प्रज्वलचा धंदा कॅमेरे आणि डिश बसवण्याचा. शहापूरपासून कसाऱ्यापर्यंत दुकानादुकानातल्या असल्या पेट्या तो दुरुस्त करत फिरतो. घरची पेटी तेवढी करायची राहून गेली आहे. त्याची बायको कुणाली झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात सकाळच्या वेळी काम करते. कोणाचा दाखला, कोणाचा सातबारा, कोणाच्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म. तिची दिवसभर ब्राउझरशीच गाठ, आणि लोकांना ती जरा तोऱ्यातच सांगते, "काका, ह्याच्यात नाय उघडणार, दुसऱ्यात उघडा." ह्या विषयात आपलं काही अडेल असं तिला स्वतःला वाटत नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी भिमी मावशीचा फोन आला. मावशी मुरबाड तालुक्यात, कुणालीच्या आईच्या घराला भिंत लागून राहते.

"कुणाले, उंद्या तुझी बय टीव्हीवर येनार हाय. साडेदहाला. ते टीव्हीवाले मागल्या महिन्यात येऊन घेऊन गेलं नाय का, तेच."

"बरं," कुणाली म्हणाली.

"बरं काय गो? बघशील ना?"

"बघते. टाइम भेटला तर बघते."

तिची आई कमळाबाई धवळारीण आहे. त्या भागातल्या शेतकरी घरांत लग्न निघालं की मांडव पडल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला धवळारीण लागते. भटजी आपलं काम करतो, पण धवळारीण पिठाच्या चौकाशी बसून धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणत नाही तोवर लग्न लागलं असं बायामाणसं धरत नाहीत. ती एक ओळ म्हणते, बाजूच्या दोघीतिघी ती झेलतात. आणि प्रत्येक धवळ्यात नवरीचं आणि नवऱ्याचं नाव घालावं लागतं. बिननावाचा धवळा नसतो. कमळाबाईने आजवर तीनशेवर लग्नं अशी लावली. लागलं नाही ते एकच, तिच्या स्वतःच्या लेकीचं.

म्हणजे लग्न झालं, पण तिच्याशिवाय झालं. पाच वर्षांपूर्वी, लॉकडाऊन होता. तहसीलची परवानगी पंचवीस माणसांची. दोन्हीकडची नावं लिहिता लिहिता कागद भरला आणि धवळे झेलणाऱ्या बायांना जागा उरली नाही. कमळाबाई म्हणाली, मी एकटी कशी गाऊ, दोघी तरी द्या. त्यावर नव्या जावयाने, म्हणजे प्रज्वलने, अगदी भल्या मनाने तोडगा काढला. "आत्या, तुमी कशाला त्रास घेता? मोबाइलवर हायत ना धवळे. मी मोठा स्पीकर आणतो, लावून टाकतो."

कमळाबाई म्हणाली, "मंग लगीनबी मोबाइलवरच लावून टाका." आणि लग्नाला आली नाही. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. भिमी मावशीच्या फोनमधून कधीतरी मागे आईचं खोकणं किंवा कोंबड्यांना हाकलणं ऐकू येई, तेवढाच आवाज कुणालीच्या कानावर पडायचा. त्यासाठीच ती मावशीला जरा जास्त वेळ बोलत ठेवायची.

आता आई टीव्हीवर येणार. बघायचं तर नव्हतं, आणि सुटायलाही नको होतं. असल्या माणसांसाठीच तर रेकॉर्डर बनवतात. कुणालीने शनिवारी संध्याकाळी फोनवरून पेटीचं पान उघडलं, चॅनल निवडलं, साडेदहा ते अकरा अशी वेळ टाकली आणि रविवारी सकाळी दहालाच पिशवी घेऊन बाजारात निघून गेली. घरात कोणाला काही बोलली नाही. प्रज्वलला तर नाहीच.

सोमवारी मावशीचा परत फोन. गावात त्या वेळी लाइट गेली होती, त्यामुळे खुद्द कमळाबाईने काहीच बघितलं नव्हतं. मावशी मात्र मुरबाडला भाच्याकडे गेली होती आणि तिने बघितलं होतं.

"काय म्हनाली ठावं हाय? चौकाचा धवला म्हनाली. नि नाव घेतलं तुझं. कुणाली नवरी!"

कुणालीच्या हातातला पेन थांबला. "माझं? नि नवऱ्याचं कोणाचं घेतलं?"

"ते नाय ऐकलं गो. मेला कुकर वाजाया लागला."

इथे खरी मेख होती. गेल्या वैशाखात पलीकडच्या पाड्यावर एक लग्न झालं, त्याचे धवळे कमळाबाईनेच म्हटले होते. त्या नवरीचं नावही कुणाली. नवऱ्याचं रितेश. टीव्हीवर गाताना खरंखुरं लग्न नव्हतं, तेव्हा आईने आठवणीतलं ताजं लग्न उचललं असेल तर ती कुणाली निराळी. आणि आपल्या लेकीला गाण्यात बसवलं असेल, तर तिच्या शेजारी प्रज्वलचं नाव घेतल्याशिवाय तिला पुढे जाता आलं नसणार. ज्या माणसाचं नाव तिने पाच वर्षांत तोंडातून काढलं नाही, त्याचं. कुणालीला तेवढं एक नाव ऐकायचं होतं. प्रज्वल की रितेश. बाकी कार्यक्रमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं, असं ती स्वतःला बजावत होती.

सोमवारी दुपारी घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. यादीत रविवार, साडेदहा, अर्धा तास, सगळं नीट होतं. दाबलं तर काळा चौकोन, आणि त्यात राखाडी अक्षरं: हे प्लगइन आता चालत नाही. तिने दुसरा ब्राउझर उतरवून घेतला. त्यात पानच धड उघडेना, बटणं एकमेकांच्या अंगावर पडलेली. तिसरा घेतला. त्यात काळा चौकोनसुद्धा आला नाही. दुकानात लोकांना जे जे सांगायची ते ते सगळं तिने करून बघितलं: जुनं पुसलं, परत उघडलं, बंद करून चालू केलं. पेटी ढिम्म. संध्याकाळी प्रज्वल आला तेव्हा लॅपटॉप जागच्या जागी होता आणि कुणालीचं डोकं दुखत होतं.

त्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ते तिलाही ठाऊक होतं. पण विचारायचं म्हणजे काय ऐकायचंय ते सांगायचं, आणि मग तो शेजारी उभा राहणार. आईने रितेश म्हटलं तर? ते त्याच्या देखत ऐकायची तिची तयारी नव्हती. प्रज्वल लग्नाआधीच्या त्या बोलण्याबद्दल कधी चुकलो म्हणाला नाही, पण मुरबाडचं नाव निघालं की तो उठून काहीतरी कामाला लागतो, हे तिने पाच वर्षं बघितलं होतं.

मंगळवारी फोन. फोनवर चित्र आलं आणि एवढं स्वच्छ आलं की कुणाली दचकलीच. पहिली बारा मिनिटं कोणाचं तरी भाषण होतं, कार्यक्रम उशिरा सुरू झालेला. मग एक निवेदिका, मग वासुदेव, मग शेवटी आई. हिरवं लुगडं, नाकात नथ, समोर तांदळाच्या पिठाने भरलेला खोटा चौक. केस पांढरे झाले होते. पाच वर्षांत एवढे? आई गात होती आणि फोन मुका होता. आवाजाचं बटण शेवटपर्यंत वर नेलं तरी मुका.

मग तिने ओठ बघायला सुरुवात केली. कुणाली म्हणताना ओठ मिटत नाहीत. रितेश म्हणतानाही मिटत नाहीत. प्रज्वल म्हणताना मात्र मिटावेच लागतात. दुकानातल्या खुर्चीत बसून, हातात फोन धरून, तिने आपल्या आईचे ओठ चौदा वेळा बघितले. चित्र शेवटी तुटत होतं, पण गाणं कुठवर आलं ते मुक्या पडद्यावरून कळत नव्हतं, आणि ओठ तर पुष्कळदा मिटत होते. मांडव म्हणतानाही मिटतात, भरला म्हणतानाही मिटतात, आणि कमळाबाईच्या तोंडातले पुढचे दोन दात नसल्यामुळे ती वाटेल तेव्हा ओठ मिटते. समोर दाखल्यासाठी उभा असलेला माणूस शेवटी म्हणाला, "ताई, माझं होतंय का आज?"

बुधवारी यादीत बघितलं तर मागच्या बुधवारच्या मालिका पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे रविवारची पाळी येत्या रविवारी. आता डब्याशिवाय इलाज नव्हता. बाईजा दुपारी शेजारी कोणाकडे डोहाळजेवणाला गेल्या, तशी कुणाली आतल्या खोलीत शिरली आणि डबा चालू केला. तो चालू व्हायलाच आठ मिनिटं लागली. पडद्यावर पंधरावीस चित्रं, त्यात निळी तीन. तिने आपल्या हुशारीने नवीन दिसणारं निळं दाबलं. काळा चौकोन.

"त्यो नाय. त्याच्या खालचा. फुटका दिसतो तो."

बाईजा दारात उभ्या होत्या. हातात डोहाळजेवणाची ओटी, तोंडात विडा. कुणालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काय बघायचंय?" बाईजांनी विचारलं.

खोटं सुचेना. "आमच्या बयचं रेकॉर्डिंग हाय, आई. रविवारचं. गावाला लाइट नव्हती, तिनं पण बघितलेलं नाय."

विहीणबाई लग्नाला आली नाही, हा विषय बाईजांनीही पाच वर्षं मनात ठेवला होता आणि अधूनमधून बाहेरही काढला होता. त्यांनी ओटी कोनाड्यात ठेवली, स्टुलावर बसल्या, फुटकं निळं चित्र दोनदा टिचकावलं. पेटीचं पान असं उघडलं, जसं काही गेले तीन दिवस काही झालंच नव्हतं. त्यांनी यादी खाली नेली, नेमकी ओळ धरली, आणि पुढे पळवत पळवत हिरव्या लुगड्यावर आणून थांबवली.

आवाज आला. खरखरीत, जरा नाकातला, लांबून हाक मारावी तसा. कुणालीने तो पाच वर्षांनी सबंध ऐकला.

"चौक भरला गो, मांडवाच्या दारी,
चौकात बसली कुणाली नवरी..."

बाजूच्या दोघींनी ओळ झेलली. आईने पुढची घेतली.

"चौक भरला गो, तांदूल पेरा जरा,
चौकात बसला..."

आणि पडदा काळा झाला. पेटीने घड्याळ बघून बरोबर अकराला दुकान बंद केलं होतं. अर्धा तास सांगितला, अर्धा तास दिला.

कुणाली तशीच उभी राहिली. तिला एवढा राग आला की रडूही येईना.

"तू अकराचंच टाकलंस?" बाईजांनी विचारलं. "ही लोकं कंदी टायमावर सुरू करतात का? मी पंधरा मिनिटं फुडची टाकते दर वेळेला. तेवढं तरी मला विचारायचंस." मग त्यांनी त्या ओळीपुढचं छोटं कुलूप दाबलं. कुलूप लावलेलं पेटी पुसत नाही, हेही ह्या घरात त्यांनाच ठाऊक होतं. उठता उठता म्हणाल्या, "गळा चांगला हाय गो तुझ्या आयशीचा. मला वाटलं होतं नुसता ताठा हाय."

रात्री जेवताना बाईजांनी सगळं प्रज्वलच्या पानात वाढलं. कुणाली खाली मान घालून भात कालवत बसली. प्रज्वलने हात धुतले, लॅपटॉप घेतला, पेटीतली ती फाइल काढून त्यावर उतरवली आणि कुठलासा प्लेअर लावला. चित्र आणि आवाज दोन्ही सुरू झाले. अडीच मिनिटं लागली. त्याने धवळा ऐकला. चौकात बसला, आणि काळं.

"तुला काय वाटतं?" कुणालीने विचारलं.

"मला काय वाटायचंय," तो म्हणाला. मग लॅपटॉप मिटत, "शनिवारी मला काम नाय. लॅपटॉप घेऊन जाऊ. त्यांनी पण बघितलेलं नाय ना?"

शनिवारी सकाळी किन्हवलीवरून सरळगावच्या रस्त्याने दोघं मोटारसायकलवर गेली. वाटेत बोलणं झालं ते एकदाच, पेट्रोलवरून. गावाच्या तोंडाशी आंब्याखाली प्रज्वलने गाडी थांबवली, पाठीवरची बॅग काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी हितंच हाय." कमळाबाईच्या घरात त्याने लग्न झाल्यापासून पाय ठेवला नव्हता, आणि कोणी ये म्हटलं नव्हतं.

कमळाबाई पडवीत सुपात नाचणी पाखडत होती. लेकीला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही. नुसती पाखडायची थांबली.

"तुझा कार्यक्रम आणलाय, बय," कुणाली म्हणाली. वाटेत पाठ केलेलं एवढंच होतं. "लाइट गेली होती ना."

"बस," कमळाबाई म्हणाली. "पानी घे."

पाणी घेतलं. लॅपटॉप पाटावर ठेवला, उघडला. कमळाबाई पदराला हात पुसत समोर येऊन बसली. भाषण, वासुदेव, निवेदिका, सगळं कुणालीने पुढे ढकललं. पडद्यावर हिरवं लुगडं आलं.

"टिकली वाकडी लावली त्या पोरींनी," कमळाबाई म्हणाली. "मी सांगत होती त्यांना." मग जरा पुढे वाकून, "नि ते म्हनं, आजी, नाव घेऊ नका, नुसतं गाणं म्हना. म्हटलं नाव नाय घेतलं तर चौकात बसलं कोन, दगड?"

पडद्यावरची आई गात होती आणि समोरची आई ऐकत होती. कुणाली नवरी हे शब्द आले तेव्हा समोरच्या आईने तिच्याकडे बघितलं नाही, नुसतं बोटाने जमिनीवरचा एक नाचणीचा दाणा बाजूला केला. दोघींनी ओळ झेलली. पुढची ओळ सुरू झाली. चौकात बसला, आणि पडदा काळा.

कमळाबाई थांबून राहिली. "फुडं?"

"पुढं नाय. पेटी बंद झाली. मी टाइम चुकीचा टाकला होता."

"म्हंजे? नवरी चौकात बसली नि नवरा उभाच?"

"हां."

"आन ते असंच ठेवलंस? सा दिवस?" कमळाबाईचा आवाज चढला. पाच वर्षांचं सगळं राहिलं बाजूला, ती ह्या एका गोष्टीवर मनापासून चिडली होती. "धवला असा अर्ध्यात सोडीत नाय गो. वाईट असतं ते. चौकात एकटी बसवून ठेवतं का कोनी पोरीला? माझ्या हातून तीनशे लग्नांत झालं नाय असं."

"बय, पुढं कोणाचं नाव घेतलं होतंस?"

कमळाबाईने उंबऱ्यापलीकडे रस्त्याकडे बघितलं. "तू आलीस कशी? एकटी?"

"नाय. ते हायत. आंब्याखाली."

"उभं हायत?"

"उभेच असतील."

"मंग बोलाव. नवरा भाईर उभा ठेवून मी कसा म्हनू?"

कुणालीने अंगणात जाऊन हात केला. प्रज्वल आधी मागे वळून बघू लागला, दुसऱ्या कोणाला बोलावत असेल म्हणून. मग आला. दारातून वाकून आत शिरला. हेल्मेट कुठे ठेवावं ते कळेना म्हणून हातातच धरून राहिला. तोवर कमळाबाईने पाटावरचा लॅपटॉप उचलून कोपऱ्यात नाचणीच्या सुपाशेजारी ठेवला होता, आणि दोन पाट शेजारी शेजारी मांडून समोर जमिनीवर चिमूटचिमूट तांदळाचं पीठ टाकून चार रेघांचा चौक काढला होता. ह्या वेळी तो खरा होता.

"बसा जावय," ती म्हणाली. "तू बी बस."

दोघं बसली. कमळाबाईने भिंतीवर थाप मारून हाक दिली, "भिमे! आगं भिमे, ये हितं!" आणि मावशी यायची वाट न बघता, घसा खाकरून, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चौक भरला गो, मांडवाच्या दारी. कुणालीची ओळ झाली. झेलायला कोणी नव्हतं. लहानपणी कितीतरी लग्नांत आईच्या शेजारी बसून तिने ही ओळ झेलली होती, तोंड आपसूक उघडलं. कमळाबाईने हात वर केला.

"तू नको. नवरी गात नाय."

भिमी मावशी दारात आली, हात पिठाने भरलेले. पाटावर जावई बसलेला बघून तिचा आ वासला. पण धवळा चालू होता, तेव्हा विचारायचं काही नव्हतं. तिने उंबऱ्यातच बसकण मारली आणि ओळ उचलली. कमळाबाईने पुढची घेतली.

"चौक भरला गो, तांदूल पेरा जरा,
चौकात बसला परजवल नवरा..."

प्रज्वल हे नाव कुठल्याच धवळ्यात सहज बसणारं नाही. कमळाबाईने ते चार ठिकाणी मोडून, लांबवून, चालीत असं बसवलं, की हे काही तिने आज पहिल्यांदा केलं नसावं हे तिघांनाही कळलं. प्रज्वलने मान खाली घातली. हेल्मेट त्याच्या मांडीवर होतं आणि दोन्ही हात त्यावर.

कमळाबाईने एकही कडवं गाळलं नाही. मामाचं झालं, करवलीचं झालं, विहीणबाईचं आलं तेव्हा तिने बाईजाचंही नाव घेतलं. सगळा धवळा व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ कुणाली रडत होती, आणि तिला कोणी गप केलं नाही, कारण त्या वेळी नवरीला कोणी गप करत नाही.